संस्थेचं नेटवर्क अपग्रेड करायची वेळ झाली का? ठरवण्याची रीत

‘नेट स्लो आहे’ ही तक्रार वाढली की बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक गोष्ट होते. राउटर बंद करून चालू केला जातो आणि पुढच्या तक्रारीपर्यंत विषय मिटतो. नाहीतर एखाद्या विक्रेत्याला बोलावलं जातं आणि तो अर्थातच सगळं नवीन बसवायचा प्रस्ताव देतो. पहिल्या प्रकारात दुखणं अंगावर काढलं जातं, दुसऱ्यात धडधाकट सामान भंगारात जातं.

नेटवर्कमधली भिंतीतली केबल, रॅकमधले स्विच (संगणकांच्या केबली एकत्र जोडणारे डबे), छताचे ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारी उपकरणं), फायरवॉल (इंटरनेटवरची ये-जा तपासणारं उपकरण) आणि बाहेरून येणारी इंटरनेट लाइन यांचं आयुष्य सारखं नसतं. नीट टाकलेली केबल स्विचच्या दोन-तीन पिढ्या बघते. फायरवॉल त्याच्या कितीतरी आधी निवृत्तीला येते. त्यामुळे ठरवायचं ते एवढंच: कोणता भाग, कशासाठी आणि कोणत्या तारखेच्या आत. छोट्या कार्यालयात खालच्या बऱ्याचशा पायऱ्या, मोजमाप सोडलं तर, एका दिवसात उरकतात. चार-पाच इमारती असतील तर महिना-दीड महिना धरून चाला.

पायरी १: काय काय आहे त्याची यादी

प्रत्येक उपकरणाचं मॉडेल, सीरियल नंबर, जागा, फर्मवेअरची (उपकरणातल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती, खरेदीचं वर्ष, किती पोर्ट (केबल लावायच्या जागा) वापरात आणि किती रिकामे, हे एका तक्त्यात भरा. कोणता स्विच कुठल्या स्विचला जोडलाय आणि त्या लिंकचा वेग किती, याचा साधा नकाशा कागदावर काढला तरी चालेल. टेबलाखाली दडलेला, कुणीतरी परस्पर लावलेला पाच पोर्टचा स्विच सापडला नाही, तर यादी अजून पूर्ण झालेली नाही असं खुशाल समजा.

तक्त्यात तीन तारखांचे रकानेही हवेत. विक्री कधी बंद झाली, सुरक्षेच्या दुरुस्त्या कधी बंद होणार आणि कंपनीचा सपोर्ट पूर्णपणे कधी संपणार. नामांकित उत्पादक या तारखा आपल्या संकेतस्थळावर जाहीर करतात. सगळ्यांत महत्त्वाची तारीख मधली. विक्री बंद झालेला स्विच आणखी काही वर्षं निर्धास्त वापरता येतो; दुरुस्त्या बंद झालेली फायरवॉल वापरता येत नाही. हा तक्ता भरला की पुढच्या खर्चाचं निम्मं वेळापत्रक आपोआप समोर येतं.

पायरी २: तक्रारीच्या मुळाशी जा

तक्रार आली की पाच प्रश्न विचारा. कोणाला, कुठे, कधी, काय करताना, आणि वायरवर की वाय-फायवर? या उत्तरांतून निम्म्या तक्रारी नेटवर्कच्या क्षमतेबाबत नाहीतच, हे लक्षात येतं.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. एकाच खोलीत आठ संगणक, त्यातला एकच हळू चालतोय. ६०० मेगाबाइटची फाइल सर्व्हरवरून घ्यायला शेजाऱ्याला पाच-सहा सेकंद, याला जवळजवळ मिनिट. पोर्टचा दिवा लागलेला, इंटरनेट चालू, वरवर सगळं ठीक. संगणकावर लिंकचा वेग पाहिला तर सेकंदाला १००० ऐवजी १०० मेगाबिट (आठ बिट म्हणजे एक बाइट). खुर्चीच्या चाकाखाली पॅच कॉर्ड (उपकरण जोडणारी छोटी केबल) दबून आतली एक तार तुटलेली असते. एक गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे दोन्हीकडची उपकरणं गुपचूप खालच्या वेगावर येतात आणि काम रखडत का होईना, चालू राहतं. इथे अपग्रेड म्हणजे दीड मीटरची नवी पॅच कॉर्ड.

अशीच फसवणारी आणखी काही दुखणी आहेत. कोणतंही संकेतस्थळ पहिल्यांदा उघडताना तीन-चार सेकंद अडतं आणि मग झरझर चालतं, तर संशय डीएनएसवर (नावावरून संकेतस्थळाचा पत्ता शोधणाऱ्या सेवेवर) घ्या. सकाळी लवकर आलेल्यांचं चालतं आणि उशिरा येणाऱ्यांना पत्ताच मिळत नाही, तर डीएचसीपीतले (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेतले) पत्ते संपलेत. साध्या २४ बिटांच्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एका तुकड्यात) २५४ पत्ते असतात. माणसं शंभरच असली तरी प्रत्येकाचा फोन, लॅपटॉप आणि शिवाय पाहुण्यांचे फोन धरले की ते सहज संपतात, त्यातून लीज (दिलेला पत्ता राखून ठेवण्याची मुदत) आठ दिवसांची असेल तर बघायलाच नको. लीज कमी करणं आणि पाहुण्यांना वेगळं सबनेट देणं यावर काहीच खर्च येत नाही. आणि चांगलं चालणारं नेटवर्क एका क्षणात सगळीकडे ठप्प झालं, तर आधी कुणी एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली नाहीत ना ते पाहा. स्पॅनिंग ट्री (अशी गोल वाट शोधणारी सोय) चालू असलेला स्विच असा लूप स्वतःच तोडतो.

सर्व्हर हळू की नेटवर्क, हा वाद आयपर्फ३ या फुकट साधनाने पाच मिनिटांत मिटतो. दोन संगणकांमध्ये ते चालवा. गिगाबिटच्या लिंकवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला, तर तारेने आपलं काम चोख केलंय. तरीही फाइल रेंगाळत असेल तर डिस्क, अँटिव्हायरस किंवा खुद्द प्रोग्रॅम तपासा. हजारो बारीक फाइली एका मोठ्या फाइलपेक्षा हळूच जातात, त्याला नवा स्विच काही करू शकत नाही.

लांबच्या शाखेची तक्रार मात्र वेगळी असते. समजा मुख्यालयापर्यंत जाऊन परत यायला ५० मिलिसेकंद लागतात आणि तिथला जुना प्रोग्रॅम एक नोंद उघडताना सर्व्हरला एकामागोमाग २०० प्रश्न विचारतो. झाले दहा सेकंद. लाइन दुप्पट रुंद केली तरी दहाच सेकंद लागणार, कारण अडचण अंतराची आहे. इथे इलाज प्रोग्रॅम बदलण्याचा, किंवा तो मुख्यालयातल्याच संगणकावर चालवून फक्त पडदा शाखेत दाखवण्याचा. बँडविड्थ (लाइनची रुंदी) विकणारा माणूस हे आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका.

पायरी ३: किमान महिनाभर मोजा

महिन्यातले सर्वाधिक गर्दीचे दिवस, म्हणजे पगाराचा, हिशेब बंद करण्याचा किंवा परीक्षेच्या निकालाचा, मोजमापात आलेच पाहिजेत. मॅनेज्ड (दुरून पाहता आणि बदलता येणारे) स्विच, फायरवॉल आणि ॲक्सेस पॉइंट एसएनएमपीवर (उपकरणांकडून आकडे घेण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) आपले आकडे देतात. झॅबिक्स किंवा लायब्रएनएमएससारखी मोफत साधनं ते गोळा करून आलेख काढतात. तुमचे स्विच मॅनेज्ड नसतील आणि संस्था पन्नास माणसांच्या पुढे गेली असेल, तर तेवढंच एक कारण स्विच बदलायला माझ्या मते पुरेसं आहे. काही दिसतच नसेल तर ठरवणार कशावर?

आलेख वाचताना सरासरीपासून सावध राहा. बहुतेक साधनं मूळ सेटिंगवर पाच मिनिटांची सरासरी दाखवतात. एक गिगाबिटची लिंक त्या पाच मिनिटांतलं एक मिनिट पूर्ण भरली आणि बाकी चार मिनिटं रिकामी राहिली, तर आलेख २० टक्के दाखवतो. त्या एका मिनिटात फोनवरचा आवाज तुटलेला असतो, व्हिडिओ कॉल गोठलेला असतो, आणि तुम्ही २० टक्क्यांचा आलेख दाखवून लोकांना खोटं पाडत असता. महत्त्वाच्या लिंकवर नोंद मिनिटाला किंवा अर्ध्या मिनिटाला घ्या. दिवसभराची सरासरी तर बघूच नका. रात्री कुणी नसतं, त्यामुळे ती नेहमी गोडच दिसते.

वापराच्या टक्क्यांपेक्षाही बोलका आकडा म्हणजे पोर्टवरचे काउंटर. सीआरसी एरर (वाटेत बिघडलेले माहितीचे तुकडे) वाढत असतील तर केबल, कनेक्टर किंवा मॉड्यूल खराब आहे. तो भाग दुरुस्त करा. आउटपुट डिस्कार्ड (न पाठवता टाकून दिलेले तुकडे) वाढत असतील तर पोर्टला जेवढं बाहेर पाठवायचंय तेवढं त्याला झेपत नाही. हा क्षमतेचा खरा पुरावा. हा फरक न समजल्याने खराब केबलसाठी नवे स्विच घेतले जातात आणि एरर जिथल्या तिथे राहतात.

जोडीला विलंबही मोजा. आवाजाच्या संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. स्थानिक नेटवर्कमध्ये तो एक-दोन मिलिसेकंदांपलीकडे जायचं कारणच नाही. तारेवरून गेटवेला (बाहेर जायच्या दारावरच्या राउटरला) केलेला पिंगच (उत्तर यायला किती वेळ लागतो ती चाचणी) अधूनमधून ४०-५० मिलिसेकंद दाखवत असेल, तर दोष बाहेरच्या लाइनवर ढकलू नका. काही राउटर पिंगला मुद्दाम उशिरा उत्तर देतात, म्हणून शेजारच्या एखाद्या सर्व्हरलाही पिंग करून खात्री करून घ्या.

पायरी ४: मर्यादा आधी लिहा, चर्चा नंतर

कोणता आकडा ओलांडला की पैसे खर्च करायचे, हे शांत डोक्याने आधीच लिहून ठेवायला हवं. तक्रारींचा भडका उडाल्यावर घेतलेला निर्णय महाग पडतो. माझे ठोकताळे असे: गर्दीच्या तासांत अपलिंक (स्विचमधून वर, मुख्य स्विचकडे जाणारी लिंक) वारंवार ७० टक्क्यांवर जाते आणि डिस्कार्डही वाढतात, फायरवॉलचा सीपीयू कामाच्या वेळेत ८० टक्क्यांवर चिकटून राहतो, रिकामे पोर्ट दहा टक्क्यांच्या खाली आलेत, सुरक्षा दुरुस्त्या बारा महिन्यांच्या आत बंद होणार आहेत, एकच उपकरण वर्षात दोनदा हार्डवेअरच्या दोषाने बंद पडलं. हे आकडे शास्त्रातून आलेले नाहीत, तुमच्या कामाप्रमाणे थोडे वरखाली करा. पण करायचे ते आधी, निकाल पाहून नव्हे.

मग कल पाहून तारीख काढा. बॅकअपवर हे छान दिसतं. एक गिगाबिटच्या लिंकवरून प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट जातात. रात्री दहा ते सकाळी सहा हे आठ तास धरले तर होतात तीन टेराबाइटच्या किंचित वर. आज पूर्ण बॅकअप दोन टेराबाइटचा आहे आणि दरमहा ४० गिगाबाइटची भर पडते, म्हणजे एक टेराबाइटची जागा २५ महिन्यांत संपणार. बॅकअप सर्व्हरची लिंक १० गिगाबिट करायची गरज आज नाही, दोन वर्षांनी आहे. ती पुढच्या अर्थसंकल्पात टाका. उलट आकडा चार-पाच महिन्यांचा आला असता, तर मागणी आजच करावी लागली असती, कारण मंजुरी, खरेदी आणि माल येणं यांतच तेवढे महिने जातात.

पायरी ५: भागाभागाने निकाल

केबल. कॅट ५ई (केबलचा एक दर्जा) म्हणजे जुनाट, असं ऐकून लगेच भिंती फोडू नका. कॅट ५ईवर एक गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालतं, आणि २०१६ साली आलेल्या मानकानुसार त्याच केबलवर २.५ गिगाबिटही चालतं. १० गिगाबिटसाठी कॅट ६ साधारण ५५ मीटरपर्यंत आणि कॅट ६ए पूर्ण १०० मीटर पुरते. टेबलावरच्या संगणकाला १० गिगाबिट लागण्याची कामं थोडीच आहेत. मात्र दुसऱ्या कुठल्या कारणाने भिंती उघडणार असाल, तर तेव्हा कॅट ६एच टाका; मजुरी तेवढीच लागते. मजल्यांमधली जुनी फायबरही (प्रकाशावर चालणारी काचेची केबल) तपासा. ओएम१ प्रकारच्या फायबरवर नेहमीच्या मॉड्यूलने १० गिगाबिट ३३ मीटरच्या आसपासच जातं, ओएम३वर ३०० मीटर. नवे स्विच घेतल्यावर हे कळलं तर हात चोळत बसावं लागतं.

स्विच. ४८ गिगाबिट पोर्ट आणि वर जायला एकच गिगाबिट, म्हणजे ४८ला एक असं प्रमाण. साध्या कार्यालयात २०ला एकपर्यंत निभावतं असा रचनाकारांचा संकेत आहे. स्विचला आणखी एक-दोन अपलिंक जोडून ती एकत्र बांधता येत असतील तर आधी ते करून पाहा. दुसरा मुद्दा पीओईचा, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याचा. २४ पोर्टच्या अनेक स्विचमध्ये ३७० वॅटचा साठा असतो, म्हणजे प्रत्येक पोर्टला जेमतेम १५.४ वॅट. नव्या ॲक्सेस पॉइंटना ३० वॅट लागले तर असे बाराच चालतील. वाय-फायच्या प्रस्तावात हा खर्च बहुधा दिसत नाही, आणि मग ऐन वेळी निम्मे ॲक्सेस पॉइंट कमी ताकदीवर चालवावे लागतात.

वाय-फाय. सर्वाधिक तक्रारी इथे आणि सर्वाधिक पैसेही इथेच वाया जातात. हवेतलं चॅनेल सामाईक असतं; एका वेळी एकानेच बोलायचं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना न छेदणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. सिग्नल कमी वाटतो म्हणून आणखी ॲक्सेस पॉइंट लावले की ते एकाच चॅनेलवर एकमेकांची बोलणी तोडू लागतात आणि परिस्थिती बिघडते. त्यामुळे खरेदीच्या आधी एवढं करा: प्रक्षेपणाची ताकद कमी करा, २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, नेटवर्कची नावं तीन-चारांवर आणा (प्रत्येक नाव सतत आपली दवंडी पिटत असतं आणि त्यात वेळ जातो), आणि जमतील ती उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर न्या. मग लोक बसतात तिथे सिग्नल मोजा. आवाजी संभाषणासाठी उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या जवळचा, हवा.

एवढं करूनही गर्दीच्या वेळी चॅनेलचा वापर ५० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर वाय-फाय ६ किंवा ७ चा विचार रास्त आहे. आधी कंट्रोलरवर (सगळे ॲक्सेस पॉइंट सांभाळणाऱ्या यंत्रणेवर) पाहा, की जोडल्या जाणाऱ्या उपकरणांपैकी नवं तंत्र कळणारी किती आहेत. बहुतेक लॅपटॉप वाय-फाय ५ चे असतील तर नव्या ॲक्सेस पॉइंटचा फायदा अर्धामुर्धाच मिळेल. तेव्हा लॅपटॉप बदलण्याच्या वर्षाशी सांधा जुळवा. ६ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो हे खरं, पण तो भिंतींतून कमी जातो. जुन्याच जागांवर नवे ॲक्सेस पॉइंट टांगून भागेल असं गृहीत धरू नका.

फायरवॉल. माहितीपत्रकावरचा मोठा आकडा बहुधा तपासणी बंद ठेवून काढलेला असतो. घुसखोरी प्रतिबंध, व्हायरस तपासणी आणि एन्क्रिप्टेड वाहतूक उघडून पाहणं चालू केलं की तो बराच खाली येतो. इंटरनेट लाइन वाढवायच्या आधी हा दुसरा आकडा लाइनच्या वेगापेक्षा जास्त आहे ना ते पाहा. नाहीतर वाढीव लाइनचं भाडं भराल आणि वेग जुनाच राहील.

पायरी ६: तारखेपुढे वेगाची चर्चा थांबते

वरचं सगळं क्षमतेचं झालं. सुरक्षेचा निकष वेगळा आहे: वेग उत्तम असला तरी दुरुस्त्या बंद झालेलं उपकरण जायला हवं. २०१७ साली डब्ल्यूपीए२ (वाय-फायची सुरक्षा पद्धत) मधली ‘क्रॅक’ नावाची उणीव जाहीर झाली तेव्हा सपोर्टमध्ये असलेल्या उपकरणांना दुरुस्ती मिळाली. ज्यांचा सपोर्ट संपला होता ती तशीच राहिली. २०१८ साली ‘व्हीपीएनफिल्टर’ या मालवेअरने किमान ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणं, म्हणजे राउटर आणि नेटवर्कवरचे साठवण संच, ताब्यात घेतल्याचं उघड झालं. सर्व्हरला अँटिव्हायरस असतो, राउटरला सहसा नसतो, आणि त्याच्याकडे महिनोन्‌महिने कुणी बघतही नाही.

क्रम असा लावा: इंटरनेटकडे तोंड असलेली फायरवॉल, व्हीपीएन (बाहेरून सुरक्षितपणे आत येण्याची वाट) आणि राउटर पहिले, त्यानंतर वाय-फाय, मग मधले स्विच, शेवटी मजल्यावरचे. पैसे आत्ताच नसतील तर मधल्या काळासाठी उपकरणाचं व्यवस्थापन पान इंटरनेटवरून बंद करा, टेलनेट (उपकरणात दुरून शिरण्याची जुनी, असुरक्षित पद्धत) बंद करा, व्यवस्थापन वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवरच्या वेगळ्या केलेल्या नेटवर्कवर) न्या. हा तात्पुरता उपाय आहे. त्याला शेवटची तारीख लिहून लावा.

पायरी ७: पुढे काय येतंय ते विचारा

हे आलेखात दिसत नाही, माणसांना विचारावं लागतं. सुरक्षा विभाग ६० नवे कॅमेरे लावतोय आणि प्रत्येकी ४ मेगाबिट, म्हणजे २४० मेगाबिटची रात्रंदिवस वाहणारी धार. हिशेबाचा प्रोग्रॅम क्लाउडवर जाणार असेल तर आतली वाहतूक घटेल आणि इंटरनेट लाइनच संस्थेची जीवनवाहिनी होईल. अशा वेळी महागड्या मुख्य स्विचऐवजी वेगळ्या मार्गाने येणारी दुसरी लाइन घेणं शहाणपणाचं. ‘वेगळ्या मार्गाने’ हे शब्द करारात लिहून घ्या. दोन कंपन्यांच्या दोन लाइन एकाच चरातून येतात आणि एकाच खोदकामात तुटतात. आणि वर्ष-दीड वर्षात जागाच बदलणार असाल, तर सुरक्षेपुरतं सोडून बाकी सगळं पुढे ढकला.

पायरी ८: एका पानाचा प्रस्ताव

व्यवस्थापनाला गिगाबिटमध्ये रस नसतो. तीन पर्याय द्या: काहीच न करणं, अडलेला भाग बदलणं, सगळं बदलणं. प्रत्येकापुढे खर्च, मिळणारी वर्षं आणि शिल्लक राहणारा धोका लिहा. ‘काहीच न करणं’ हा पर्याय प्रामाणिकपणे मांडा. कधीकधी तोच बरोबर असतो. नेटवर्क एक तास बंद पडलं तर किती माणसं बसून राहतात आणि कोणतं काम अडतं, हे हिशेब विभागाकडूनच काढून घ्या, म्हणजे पुढे त्या आकड्यावर वाद होत नाही. खर्चात लायसन्स, सपोर्टचं वार्षिक शुल्क, मॉड्यूल, पॅच कॉर्ड, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि एक राखीव स्विच धरा.

पायरी ९: बदल प्रत्यक्ष कधी

वर्षअखेर, निकाल, पगार हे आठवडे टाळा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळीही नको. दुसऱ्या दिवशी बिघाड दाखवायला माणसं हवीत आणि कंपनीचा सपोर्टही जागा हवा. आधी एक मजला बदला, दोन आठवडे चालू द्या, मग पुढे सरका. प्रत्येक टप्प्याआधी जुन्या उपकरणाचं कॉन्फिगरेशन साठवा आणि किती वाजेपर्यंत जमलं नाही तर जुनं परत लावायचं, ती वेळ ठरवून फळ्यावर लिहा. रात्री दोन वाजता ‘अजून दहा मिनिटं’ म्हणणाऱ्याला फळ्याकडे बोट दाखवता आलं पाहिजे.

बदलानंतर पायरी ३ मधलं मोजमाप त्याच लिंकवर पुन्हा महिनाभर करा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून फाइलला लावा. नव्या उपकरणांच्या तिन्ही तारखा तक्त्यात भरा. काढलेल्या स्विच आणि फायरवॉलमधलं कॉन्फिगरेशन, पासवर्ड आणि व्हीपीएनच्या चाव्या पुसून ती फॅक्टरी रीसेट केल्याशिवाय कोणालाही देऊ नका. त्यातला एक चालू स्थितीतला स्विच मात्र लेबल लावून कपाटात राखून ठेवा.